अंगावर पाजणाऱ्या आईचं औषधपाणी

१. काउंटरवरचा प्रश्न

"अण्णा, घरी मिसेस अंगावर पाजते. ही गोळी चालते ना?"

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. मराठीत, कानडीत किंवा दोन्हींच्या मिसळीत हा प्रश्न कानावर पडेल. (मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी गल्लत नको. दोन्ही रस्त्यांची नावं मात्र एकाच माणसावरून पडली आहेत, १९०३ ते १९०७ या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नरावरून. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.) विचारणारा बहुधा नवरा असतो, नाही तर दीर किंवा भाऊ. हातात चिठ्ठी, कानाला फोन. जिच्या अंगात ताप आहे, ती घरी पडून. दुकानदाराच्या समोर आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. तो कोणाचंच वाईट होऊ नये म्हणून सांगतो, "पाजतात ना? मग डॉक्टरांना विचारूनच द्या." गोळी फळीवरच राहते. घरी सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, बाळाला बाधेल. दोन दिवस कळ काढ."

याच्या उलटही घडतं. डॉक्टर औषध लिहून देतात आणि जाता जाता सांगतात, "पाच दिवस दूध बंद ठेवा." पाच दिवस बाळ वरच्या दुधावर राहतं, इकडे छाती दाटते, दुखते आणि सहाव्या दिवशी दूध पहिल्यासारखं उतरत नाही.

एकीकडे औषध सुटलं, दुसरीकडे दूध तुटलं. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: दूध आणि औषध यांतलं एकच निवडता येतं. नेहमीच्या आजारांतल्या बहुतेक औषधांबाबत ही समजूत खरी नाही. का, ते आता क्रमाने पाहू.

२. रक्तातून दुधात काय जातं

स्तनात दूध तयार करणाऱ्या पेशींच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. आईने घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात येते आणि रक्तातून या पेशींपर्यंत पोचते. पेशी ओलांडून जेवढं औषध पलीकडे जाईल, तेवढंच दुधात उतरतं. पुढे ते बाळाच्या पोटात जातं, आणि तिथूनही ते रक्तात शिरलं तरच बाळावर परिणाम होण्याचा प्रश्न. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला औषध घटत जातं.

काही औषधांचे रेणूच इतके मोठे असतात की ते पेशी ओलांडू शकत नाहीत. इन्सुलिन आणि हेपारिन ही त्यांतली. काही औषधं रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात आणि मोकळा भाग फार थोडा उरतो. तापाला, अंगदुखीला घेतलं जाणारं आयबुप्रोफेन असं आहे. काही औषधं दुधात पोचतात, पण बाळाच्या आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाहीत. जेंटामायसिन इंजेक्शननेच का द्यावं लागतं, त्याचं कारण हेच.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशींमधल्या फटी मोठ्या असतात, त्यामुळे औषध त्या मानाने सहज दुधात येतं. पण तेव्हा बाळाला मिळणारा चीक असतो काही चमचेच. म्हणून पोटात जाणारं औषधही थोडंच.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. हुबळीच्या कित्येक भागांत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी टाक्या भरून ठेवतात. एकदा गढूळ पाणी आलं की टाकी पूर्ण उपसून धुतल्याशिवाय इलाज नाही. छातीतल्या दुधाचंही तसंच असावं असं वाटतं, आणि बाया औषधाचं दूध पिळून मोरीत ओततात. पण दूध टाकीतल्या पाण्यासारखं साठून राहत नाही. त्याची रक्ताशी दोन्ही बाजूंनी देवघेव चालू असते. रक्तातलं औषध ओसरलं की दुधातलंही पुन्हा रक्तात परत येतं आणि बाहेर जातं. पिळून टाकल्याने औषध लवकर जात नाही. छाती दाटली असेल तर आराम पडावा म्हणून दूध काढावं, एवढाच त्याचा उपयोग.

यातूनच एक साधी युक्ती निघते. बाळाला पाजलं की लगेच गोळी घ्यावी. पुढच्या वेळेपर्यंत रक्तातली पातळी उतरणीला लागते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर बाळ रात्री सगळ्यात लांब झोप घेतं त्याच्या आधीचं पाजणं झाल्यावर घ्यावी. लांबच्या असराच्या औषधांना हे लागू पडत नाही. त्यांची पातळी दिवसभर सारखीच असते.

३. एक हिशेब

पाच किलोचं बाळ आणि पंचावन्न किलोची आई धरू. आईला अंगदुखी आणि ताप आहे. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी दिलं. दिवसाला १६०० मिलिग्रॅम झालं.

या मात्रेवर दुधात किती उतरतं ते मोजलेलं आहे: एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅमही नाही. फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. आपलं बाळ पिईल ७५० मिलिलिटर. म्हणजे दिवसभरात त्याच्या पोटात जाईल पाऊण मिलिग्रॅमपेक्षा कमी.

हे जास्त की कमी? याच वजनाच्या बाळाला, वय बसत असेल तर, तापासाठी डॉक्टर हेच औषध एका वेळेला २५ ते ५० मिलिग्रॅम देतात. दुसरीकडून पाहा. आईला तिच्या दर किलोमागे २९ मिलिग्रॅम मिळालं, बाळाला दर किलोमागे ०.१५. म्हणजे आईच्या मात्रेचा अर्धा टक्का. डॉक्टर जो ढोबळ नियम वापरतात तो असा: हा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल आणि औषध मुळातच विषारी नसेल, तर पाजायला हरकत नाही.

पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, सेफालेक्सिन, सेटिरिझिन ही लॅमिंग्टन रोडवर रोज विकली जाणारी औषधं या नियमात बसतात. अँटिबायोटिकने बाळाला थोडी पातळ शी होऊ शकते. तेवढ्यासाठी दूध बंद करू नये.

बाळाचं वय मात्र जरूर सांगावं. दुधातून आलेल्या औषधाने त्रास झाल्याच्या नोंदी बहुतेक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आहेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून कच्चं असतं. आठ महिन्यांचं, दिवसातून तीन-चारदाच दूध पिणारं बाळ तेच औषध सहज पेलतं.

४. मग पाकिटावर "घेऊ नये" का छापतात?

कारण बऱ्याच वेळा कोणी तपासलेलंच नसतं. नव्या औषधाच्या चाचण्यांमधून अंगावर पाजणाऱ्या बायांना वगळतात. मग पाकिटातल्या कागदावर लिहायला माहिती नसते आणि कंपनी "टाळावं" असं छापून मोकळी होते. "धोका आहे" आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी त्या कागदावर एकसारख्याच दिसतात.

याची किंमत आपण अलीकडेच मोजली. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा अंगावर पाजणाऱ्या आयांना यादीतून वगळलं होतं. कारण हेच: चाचण्यांत त्या नव्हत्या. घरी तान्हं मूल असलेल्या आणि कोविड वॉर्डात ड्यूटी असलेल्या नर्सेसनाही हा नियम लागू होता. ज्यांना लागण होण्याची भीती सगळ्यात जास्त, त्याच मागे राहिल्या. १९ मे २०२१ ला केंद्राने परवानगी दिली, तोवर दुसऱ्या लाटेने व्हायचं ते नुकसान केलं होतं. लसीत दुधावाटे बाळाला बाधेल असं काही नव्हतं. पुढे लस घेतलेल्या आयांच्या दुधात कोविडविरुद्धची प्रतिद्रव्यं आढळली. आईला जपण्यात बाळाचाच फायदा होता आणि चार महिने आपण नेमकं उलटं धरून चाललो, याचं मला आजही वाईट वाटतं.

५. खरोखर थांबायचं कधी

अशी औषधं आहेत, आणि ती नीट माहीत असायला हवीत. कॅन्सरची केमोथेरपी चालू असेल तर पाजायचं नाही. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, हृदयाचं अमिओडॅरोन, मानसिक आजारासाठीचं लिथियम यांत तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घ्यायचा असेल तर त्या बाळाचं पाजणं कायमचं थांबवावं लागतं. उपचार काही महिने पुढे ढकलता येईल का, हे आधी विचारावं. साधा एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय यांसाठी मात्र एक वेळही चुकवायची गरज नाही.

खोकल्याच्या औषधातलं कोडीन हे वेगळं प्रकरण आहे. काही जणींचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने बनवतं, आणि ते दुधातून आल्याने बाळाचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही न देण्याचा इशारा दिला. वेदनेसाठी याहून निर्धोक औषधं आहेत, म्हणून ही मागूच नयेत.

काही औषधांनी बाळाला काही होत नाही, पण दूध आटतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन असं आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तशाच. पाजणाऱ्या बाईला तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉन असलेली साधनं जास्त बरी.

आणि घरगुती म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहतच नाही त्या गोष्टी? बेळगाव-धारवाडकडे कित्येक बाया दातांना मिश्री लावतात. तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं. ओळखीच्या वैदूकडून आणलेल्या भस्मात शिसं किंवा पारा असू शकतो. पॅरासिटामॉलला घाबरणारं घर या दोन्हींकडे निर्धास्तपणे बघतं, हे बदलायला हवं.

६. बाळाचं वजन वाढतंय, आईचं काय?

आतापर्यंत आपण दुधाच्या बाजूने पाहिलं. आता आईच्या बाजूने.

आईचं दूध सहसा बिघडत नाही. ती अर्धपोटी असली, तिचं रक्त कमी असलं, तरी दुधातलं लोह आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं. कारण ते तिच्या साठ्यातून काढलं जातं. कॅल्शियम हाडांतून येतं. पाजण्याच्या काळात हाडांची घनता तीन ते पाच टक्क्यांनी उतरते आणि पाजणं थांबल्यावर पुन्हा भरून येते. बाळ गुटगुटीत दिसतं, घर समाधानी असतं आणि आई आतून झिजत असते. बाळाच्या वजनावरून आईची तब्येत कळत नाही. एवढं एक घरातल्या सगळ्यांना उमगलं तरी पुष्कळ दुखणी वेळेत सापडतील.

ही दुखणी किती असतात ते महाराष्ट्रातच मोजलं गेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७७२ बायांवर बाळंतपणात आणि नंतर २८ दिवस लक्ष ठेवलं. गावातल्याच आरोग्यदूत घरी जाऊन पाहत होत्या. बाळंतपणानंतरच्या त्या चार आठवड्यांत जवळजवळ ४३ टक्के बायांना काही ना काही आजार झाला. छातीचे त्रास १८ टक्क्यांना, उशिरा सुरू झालेला जादा रक्तस्राव १५ टक्क्यांना, जननमार्गाचा जंतुसंसर्ग १० टक्क्यांना. दवाखान्यात बसून हे आकडे हाती लागले नसते, कारण यातल्या बऱ्याच जणी दवाखान्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

आता जेवण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी आणि मूठभर शेंगदाणे एवढं नेहमीच्या जेवणाच्या वर. प्रत्यक्षात आपल्याकडे बाळंतिणीचं ताट लहान होतं. पालेभाजी वातूळ, केळं थंड, डाळ बाळाला गॅस करते, पाणी बेताने. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी या परंपरेतल्या गोष्टी उत्तम आहेत, जरूर कराव्यात. पाणी तोडणं आणि भाज्या-फळं बंद करणं ही मात्र सोडून द्यायची रीत आहे. आईने डाळ खाल्ल्याने बाळाच्या पोटात गॅस होत नाही. आतड्यातला वायू दुधात जात नसतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. त्यावर बाळंतपणातला रक्तस्राव. म्हणून सरकारी कार्यक्रमात लोह-फॉलिकची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज द्यायची आहे आणि कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा सहा महिने. दोन्ही एकदम घेऊ नयेत, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवावं. गरोदरपणात नेमाने घेतलेल्या या गोळ्या बाळ झालं की कपाटात मागे पडतात. आशाताई किंवा अंगणवाडीताई घरी आल्या की बाळाच्या वजनाबरोबर आईच्या गोळ्यांचीही चौकशी झाली पाहिजे. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्णा योजनेत गरोदर आणि पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. कित्येक घरांत सुनेने तिकडे जाऊन जेवणं कमीपणाचं मानतात. मानू नये.

७. थांबवायची नसलेली औषधं

थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, ही शरीरात मुळातच असणाऱ्या द्रव्याची भर आहे. ती सोडायचं कारणच नाही. शिवाय शंभरातल्या पाच-दहा बायांना बाळंतपणानंतर थायरॉइडची सूज येते. आधी धडधड आणि वजन उतरणं, मग थकवा आणि अंग जड होणं. घरात याला "दूध पाजून अशक्त झाली" एवढंच म्हणतात. एक रक्ततपासणी पुरते.

रक्तदाब हा सगळ्यात गंभीर. गरोदरपणातला दाब बाळ झाल्यावर लगेच उतरतोच असं नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो एकदम चढू शकतो, झटके येऊ शकतात. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय असं बाळंतीण म्हणाली तर त्याच दिवशी दाब मोजून घ्यावा. लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही औषधं घेऊन पाजता येतं. मधुमेहात इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही चालतात. फक्त पाजल्यावर साखर उतरू शकते, म्हणून उशाशी काहीतरी खायला ठेवावं.

क्षयरोग झाला की बाळ आईपासून तोडायची जुनी रीत आता नाही. आईने औषधं नेमाने घ्यायची, थुंकीत जंतू असेपर्यंत मास्क लावून पाजायचं, आणि बाळाला रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायचं. औषधं अर्ध्यावर सोडली तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात.

मनाच्या आजाराबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार पाचातल्या एका आईला बाळंतपणानंतर नैराश्य येतं. बाळ झोपलेलं असूनही तिला झोप न लागणं, बाळाकडे पाहावंसं न वाटणं, आपण वाईट आई आहोत असं सारखं वाटणं, जीव नकोसा होणं. सर्ट्रालीनसारखं औषध दुधात इतकं कमी उतरतं की पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर ते आधी निवडतात. हुबळीकरांना धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था जवळ आहे. देशभरात १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं.

८. छातीत गाठ धरली तर

एका बाजूला लाल, गरम, दुखरी गाठ, थंडी वाजून ताप. घरात सांगतात: त्या बाजूने पाजू नकोस, दूध नासलंय. दूध नासलेलं नसतं. त्या बाजूने पाजणं थांबवलं तर दूध आणखी तटतं आणि गाठीचा पू होऊ शकतो. बाळाला नेहमीसारखं पाजत राहावं, पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवावी, तापाला आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्यावं. जोरजोरात चोळणं, पूर्वी सांगायचे तसं, आता सांगत नाहीत. त्याने आतली सूज वाढते. एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक घ्यावं आणि ते पूर्ण करावं.

९. विचारायचं कसं

"पाजते, चालेल का?" या प्रश्नाला घाईत "नको" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी डॉक्टरांना विचारावं: "माझं बाळ दीड महिन्याचं आहे, फक्त माझ्याच दुधावर आहे, दिवस पूर्ण भरून झालंय. या आजाराला पाजताना चालेल असं औषध कोणतं?" मग डॉक्टरांना औषध निवडता येतं. दूध बंद करायला सांगितलं तर कोणत्या औषधामुळे आणि किती दिवस, हे विचारायला संकोच नको. शंका राहिली तर बालरोगतज्ज्ञाला चिठ्ठी दाखवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'लॅक्टमेड' ही औषधवार माहिती इंटरनेटवर फुकट आहे. डॉक्टर आणि दुकानदार दोघांनाही ती दोन मिनिटांत पाहता येते.

औषध सुरू केल्यावर बाळाकडे लक्ष ठेवावं. नेहमीपेक्षा फार झोपाळू झालं, ओढून पीत नाही, अंगावर पुरळ आलं, श्वास संथ वाटला, तर त्याच दिवशी दाखवावं.

काही दिवस थांबावंच लागलं तर दर तीन तासांनी दूध काढत राहावं, म्हणजे ते आटत नाही. उपचार ठरलेल्या तारखेचा असेल तर आधीपासून थोडं थोडं काढून बाळाला वाटी-चमच्याने द्यायची सवय करावी. आणि आजारपण मोठं असेल, झोप पूर्ण तुटली असेल, आईलाच पाजणं थांबवावंसं वाटत असेल, तर तेही नीट करता येतं. दर दोन-तीन दिवसांनी एकेक वेळ कमी करत जावं, दाटलेली छाती हलकी होण्यापुरतंच दूध काढावं, वरचं दूध कोणतं आणि किती हे बालरोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. तो निर्णय तिचा असतो, आणि घरातल्या कोणीही तिच्याकडे त्याचा जाब मागू नये.